चोंबड्याची सही

४ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद. परवा तुझा फोन आला. तू बोललीस, मी हं हं केलं, आणि तुझ्या ताईचा विषय निघू नये म्हणून दोघांनीही हवेबद्दल बोलून घेतलं. विचारायचं होतं ते राहून गेलं, म्हणून लिहितो आहे.

काम तुझ्या दुकानाचं आहे. चकचकीत फोटोवर सही घ्यायची तर कोणतं पेन चांगलं? फोटो कृष्णधवल आणि जुना आहे. प्रत एकच. निगेटिव्ह तुझ्या ताईचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा कुठे गेली कळलं नाही, त्यामुळे फोटो बिघडला तर दुसरा निघणार नाही. सही करणाराही पुन्हा भेटेल असं नाही. म्हणजे पहिल्याच फटक्यात नीट झालं पाहिजे.

घरात होतं ते वापरून पाहिलं. बॉलपेन घसरतं, आणि दाबलं तर कागदावर चरा पडतो पण शाई उतरत नाही. जेलपेनची सही दुसऱ्या दिवशीही ओली होती. माझ्या मनगटावर तिचा छाप उमटला तो अजून गेला नाही. शाईपेनाने तर थेंबांची रांगोळी झाली. हे सगळं मी स्टुडिओतल्या न नेलेल्या फोटोंवर केलं. त्यांतल्या एका अनोळखी गृहस्थांना आता निळी मिशी आली आहे.

माझी सगळी नोकरी वजनकाटे तपासण्यात गेली. खात्री पटल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, ही सवय जात नाही. तुला योग्य वाटतील ती पेनं पाठव.

कुणाची सही आणि कशाला, ते विचारू नकोस.

भावोजी


१० फेब्रुवारी

ती. भावोजी,

नमस्कार. तुमचं पत्र आलं तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं होती आणि मी ते काउंटरवरच मोठ्यांदा वाचलं, ही माझी चूक. 'कुणाची सही ते विचारू नकोस' ऐकल्याबरोबर तुमच्या साडूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "नटी आहे."

मी म्हटलं, "काहीतरीच काय! भावोजींसमोर नटी उभी केली तर ते तिचं वजन बरोबर आहे का ते बघतील."

तर म्हणतात, "म्हणजे बघतील ना?"

आता आमच्या गल्लीतल्या निदान अर्ध्या लोकांना माहीत झालंय की माझे भावोजी एका नटीच्या मागे आहेत. ताई असती तर तिनेच तुम्हाला शर्ट इस्त्री करून दिला असता आणि मागून मला सगळं सांगून हसून लोळली असती. तुम्ही विषय काढत नाही म्हणून मीच काढते. रागावू नका.

आता पेनं. खोक्यात दोन प्रकार आहेत. काळा मार्कर चांगल्यातला घातलाय, स्वस्तातला काही वर्षांनी जांभळा पडतो आणि सहीला धुकं लागल्यासारखं दिसतं. दुसरा चंदेरी, रंगाचा. त्याच्या आत गोळी असते. खुळखुळ वाजेपर्यंत हलवायचा, मग टोक आधी रद्दी कागदावर दाबायचं, रंग खाली उतरू द्यायचा. थेट फोटोवर टेकवलात तर थेंब पडेल आणि नटीला मस येईल. फोटोवरून आधी कोरडा मऊ कापूस फिरवा, बोटांचं तेल असेल तिथे कुठलंच पेन धरत नाही. आणि वाळेपर्यंत हात लावू नका. तुम्ही नाहीच लावणार म्हणा.

मुख्य गोष्ट, सही फोटोवर कुठे होणार ते आधी ठरवा. काळोख्या भागावर चंदेरी, उजळ भागावर काळं. बाकी सगळ्या गप्पा.

तुमच्या साडूंचं मत शाईपेनाला आहे. त्यांचं मत कायम शाईपेनालाच असतं.

नटीला नमस्कार सांगा.

धाकटी


१८ फेब्रुवारी

धाकटे,

पेनं पोचली. आभारी आहे.

तपासणी पूर्ण झाली. स्टुडिओच्या कपाटात साडूंच्या एकाच फोटोच्या पुष्कळ प्रती सापडल्या. नवा कागद आला की तुझी ताई त्यावर साडूंचाच फोटो छापून पाहायची, त्यात सगळ्या छटा मिळतात म्हणायची. मला ते आता पटलं. टक्कल उजळ आहे आणि कोट काळा, त्यामुळे दोन्ही पेनांची सोय झाली. टकलावर काळं छान उठतं. कोटावर चंदेरी त्याहून छान. ओलं बोट फिरवलं, उन्हात ठेवलं, नखाने खरवडलं. काहीही झालं नाही. नमुना म्हणून एक प्रत सोबत ठेवतो. टकलावर 'तपासले' लिहिलं आहे ते सवयीने, गैरसमज नसावा.

माझी पसंती चंदेरीला आहे.

नटीचा विषय मात्र बंद झाला पाहिजे. इथल्या दूधवाल्यानेही काल मला काहीतरी विचारलं, त्याला कुणी सांगितलं देव जाणे. म्हणून खरं काय ते लिहितो. तो बोलक्या बाहुल्यावाला पुन्हा येतो आहे. बारा मार्चला इथल्या नाट्यगृहात त्याचा शेवटचा खेळ. पेपरात वाचलं. पुढे तो खेळ करणार नाही. आणि फोटो तोच, तुला माहीत असलेला. मला स्टेजवर बोलावलं होतं, तेव्हाचा. तुझ्या ताईच्या भिंतीवर सगळ्या कलावंतांचे सही केलेले फोटो आहेत, तेवढा एक खिळा रिकामा आहे. दवाखान्यात एकदा म्हणाली होती, तेवढी सही राहिली बघ. मी हं म्हटलं होतं.

मागचा पडदा काळा आहे, सही तिथे होईल. चंदेरी म्हणूनच.

तिच्या ड्रॉवरमध्येही एक मार्कर मिळाला, काळा. त्याच्या भोवती तिने कापडी चिकटपट्टीचे थरावर थर गुंडाळले होते. शेवटी बोटं दुखायची, पकड येत नसे, म्हणून असेल. पट्टी चिकट झाली होती, धूळ बसली होती. ती सोलून काढली, मार्कर स्पिरिटने पुसला. अगदी नव्यासारखा दिसतो. लिहितोही.

भावोजी


२४ फेब्रुवारी

भावोजी,

काय केलंत हो हे!

आधी त्याबद्दल, मग बाकीचं. ती पट्टी ताईच्या बोटांसाठी नव्हती. ती चोंबड्यासाठी होती!

तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्हाला सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षाच्या आदल्या वर्षी ताई माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा बाहुलेवाल्याचा खेळ इथे होता. आम्ही दोघी गेलो. खेळानंतर सह्या घ्यायला ही रांग. आणि तो माणूस स्वतः सही करतच नाही! त्याचा बाहुला करतो, चोंबडा. लाकडी मूठ, मुठीला आरपार भोक, त्यात पेन खोचायचं, की चोंबडा मान वाकडी करून, जीभ बाहेर काढून सही करतो. बाहुलेवाला मागे असा बसतो जणू याचा आणि आपला काही संबंधच नाही. लोकांची बारीक पेनं त्या भोकातून सुळकन खाली. मग चोंबडा ओरडायचा, "काडी आणलीस का? पेन आण, पेन!" आणि बाहुलेवाला म्हणायचा, "माफ करा, त्याला मी हात देत नाही, तो रागावतो." किती तरी लोक सहीशिवाय परत गेले.

आमची पाळी आली तेव्हा ताईकडे फोटोही नव्हता आणि पेनही. हिने काय करावं? सरळ चोंबड्याच्या मुठीत आपलं बोट घातलं. अंगठीचं बोट, अंगठीला टेकेपर्यंत. बरोबर बसलं. चोंबडा किंचाळला, "सोडा बाई, माझं लग्न ठरलंय!" अख्खी रांग हसली. ताई शांतपणे म्हणाली, "माप घेते आहे," आणि निघून आली. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानातून काळा मार्कर उचलला. म्हणाली, घरी जाऊन गुंडाळते, पुन्हा येईल तेव्हा तयार असावं. ते तयार पेन तुम्ही सोलून, स्पिरिटने पुसून ठेवलंत!

तुम्हाला का नाही सांगितलं? तुम्हीच विचार करा. तो फोटो बाहेर निघाला की तुम्ही कुंड्यांना पाणी घालायला जाता. एकदा भर पावसात गेला होतात. 'मला स्टेजवर बोलावलं होतं' म्हणे! भावोजी, त्याने तुम्हाला स्टुलावर बसवून बाहुला केलं होतं. खांद्यावर हात ठेवला आणि तुमच्या उघड्या तोंडातून आवाज काढला, "अहो कॅमेरावाल्या बाई, माझा फोटो काढा ना, मी बरा दिसतो का?" आणि स्टुडिओतर्फे खेळाचे फोटो काढायला आलेली आमची ताई खालून म्हणाली, "तोंड मिटलंत तर दिसाल." मग तिने तो फोटो दुकानाच्या काचेत लावला. तुम्ही तो काढून टाका सांगायला गेलात, आणि ती काढेना म्हणून रोज जात राहिलात. पुढचं सगळं त्यातूनच झालं की नाही?

आणि तिचं पेन काळं आहे ते उगाच नाही. त्या फोटोत काळी शाई दिसेल अशी एकच जागा आहे, तुमचा पांढरा शर्ट. ती मला म्हणाली होती, "दोन सह्या हव्यात, शेजारी शेजारी. एक लाकडाची आणि एक माझ्या नवऱ्याची. लाकडाची आधी मिळेल."

आता मापाचं काय करणार? बोट तिचं होतं, तिला सोपं होतं.

धाकटी

ता. क. टकलावर 'तपासले' लिहिलेला फोटो तुमच्या साडूंनी पाहिला. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नमुने आणखी असतील तर पाठवा.


१ मार्च

धाकटे,

पत्र मिळालं. ते दोनदा वाचलं. कुंड्यांना पाणी घातलं, ते वेगळं.

सोललेली पट्टी कचऱ्यात गेली होती. त्या पट्टीवरून आता माप मिळणार नाही. वजनमापाच्या खात्यात मी दुसऱ्यांना यासाठी बोललो असतो.

पण तू लिहिलंस की बोट अंगठीचं होतं. अंगठी माझ्याकडे आहे. माझ्या जुन्या पितळी वजनांच्या पेटीत एक वजन हरवलेलं आहे, त्याच्या खाचेत ती ठेवली होती. आज नवी कापडी पट्टी आणली. चंदेरी मार्करला गुंडाळत गेलो आणि अंगठी घालून पाहत गेलो. सुरुवातीला ती सरळ खाली घरंगळायची. मग अडखळायला लागली. मग एक फेरा जास्त झाला आणि जाईना. तो फेरा उलगडला. आता ती तिच्या बोटावर जायची तशी जाते, पेराशी थोडी अडून मग पुढे. ते मला माहीत होतं, कारण ती मीच घातली होती.

पेन तयार आहे.

शर्टाबद्दल लिहिलंस ते मला मान्य नाही. सही पडद्यावर होईल, चंदेरीत, कोपऱ्यात. आणि मी काही नट नाही. माझ्या सहीने आजवर फक्त वजनं पास झाली आहेत.

भावोजी


६ मार्च

ती. भावोजी,

अंगठीचं वाचलं आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घेतलं. साडूंनी विचारलं काय झालं. सांगितलं. त्यांनी पत्र हातात घेतलं, वाचलं, आणि म्हणाले, "त्यांना सांग, माझे कितीही फोटो वापरा." तेव्हा तो राग गेला असं समजा.

आता सूचना. लवकर जा. पेन घरूनच हलवून नेऊ नका, तिथे हलवा. रद्दी कागद न्या. चोंबडा टोमणे मारेल, मनावर घेऊ नका, तो सगळ्यांनाच मारतो. आणि ताईचं काळं पेनही खिशात असू द्या. वापरू नका हवं तर. नुसतं असू द्या.

पडद्यावर तर पडद्यावर. मी कोण सांगणारी!

धाकटी


१३ मार्च

धाकटे,

काल जाऊन आलो. तू फोन करशील आणि मी हं हं म्हणेन, म्हणून सगळं लिहूनच कळवतो.

बाहुलेवाला फार थकला आहे. चोंबड्याचा मात्र रंग नुकताच लावलेला दिसला. खेळ चांगला झाला. पाणी पिता पिता बाहुल्याला बोलतं करायचा त्याचा तो प्रसिद्ध खेळ त्याने या वेळी केला नाही. चोंबड्यानेच सांगून टाकलं, "मालकांना आता ठसका लागतो. मागच्या गावात पहिली रांग भिजली." लोक हसले. बाहुलेवालाही हसला, पण ते खरं असावं.

खेळ संपल्यावर मागच्या खोलीत सह्या. छोटी खोली, आरसा, एक टेबल, त्यावर पाण्याचा तांब्या आणि पेला. मी रांगेत मुद्दाम शेवटी उभा राहिलो. पुढच्या लोकांची पेनं घरंगळत होती आणि चोंबडा ओरडत होता. तू सांगितलं होतंस तसंच.

माझी पाळी आल्यावर मी पेन हलवायला घेतलं. चोंबडा म्हणाला, "मालक, हा बघा, या वयात खुळखुळा घेऊन आलाय."

मी रद्दी कागदावर टोक दाबलं, रंग उतरला आणि पेन मुठीत खोचलं. ते बसलं. हललं नाही, घसरलं नाही. चोंबड्याने मान खाली घालून मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाहुलेवालाही पुढे वाकला. म्हणाला, "हे कुणी केलं? इतक्या वर्षांत कुणी माझ्या पोराचं माप घेऊन पेन आणलं नाही."

मी म्हटलं, "बायकोने."

चोंबडा म्हणाला, "ती बोट अडकवणारी बाई? कुठाय ती? माझं लग्न मोडलं तिच्यापायी!"

मी फोटोवरचा कागद सोडवू लागलो. बाहुलेवाल्याने माझ्याकडे नीट पाहिलं असावं, कारण चोंबड्याचा आवाज एकदम खाली आला. "बरं बरं," तो म्हणाला, "आण तो फोटो."

फोटो पाहून चोंबडा आधी पुढे झाला, मग मागे, मग म्हणाला, "हा तोंड उघडं टाकून बसलाय तो कोण? याला मीच शिकवलं का बोलायला? शिकलेला दिसत नाही." मग मी दाखवलेल्या जागी, काळ्या पडद्यावर, डाव्या कोपऱ्यात त्याने सही केली. वळणदार, शेवटी एक लांब शेपूट. थेंब पडला नाही. पसरली नाही. चंदेरी रंग पडद्यावर असा उठला की मला बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी.

मी फोटो वाळायला टेबलावर ठेवला. बाहुलेवाल्याने चोंबड्याला मांडीवर आडवं टाकलं आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. नाट्यगृहाचा एक माणूस दिवे बंद करायला दाराशी उभा होता.

तेवढ्यात आवाज आला. "थांबा. शर्टावरची राहिली."

दारातला माणूस फिस्कन हसला. मला राग आला. मनात म्हटलं, म्हाताऱ्याने शेवटी पुन्हा माझ्या तोंडातून बोलून घेतलंच. मी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांना पेला तसाच लागलेला होता. त्याने तो सावकाश खाली ठेवला, ओठ पुसले आणि म्हणाला, "साहेब, मी पाणी पीत होतो."

चोंबडा मान टाकून पडला होता. तोंड उघडं होतं ते माझंच.

मग मी खिशातून तुझ्या ताईचं पेन काढलं. बाहुलेवाल्याने फोटो हाताने धरला, हलू नये म्हणून. शर्टावर, खिशाच्या जरा वर, मी सही केली. वजनं पास करताना करायचो तीच सही, दुसरी मला येत नाही. तिच्याखाली सवयीने 'तपासले' लिहिणार होतो, पण हात आवरला. काळं पेन अगदी छान चाललं. तू म्हणतेस ते खरं, ती जागा त्यासाठीच होती.

फोटो आज सकाळी त्या खिळ्यावर लावला आणि समोर बसलो. कुंड्यांना पाणी आधीच घालून झालं होतं, त्यामुळे उठायला काही निमित्त नव्हतं. तसाच बसून राहिलो, बराच वेळ. तोंड खरंच उघडं आहे माझं.

अंगठी पेटीत ठेवली आहे, पेन तिच्या ड्रॉवरमध्ये. या वेळी काही सोललेलं नाही.

भावोजी

ता. क. खात्री केल्याशिवाय मी एकुलत्या फोटोवर सही करू देईन असं तुला वाटलं नसेलच. आधी चोंबड्याला एका साडूंच्या फोटोवर करून पाहायला लावली. तो सोबत पाठवतो आहे. मी कोटावर दाखवत होतो, त्याने टकलाचाच हट्ट धरला, म्हणाला इथे जागा पुष्कळ आहे. चंदेरी रंग टकलावर जवळजवळ दिसतच नाही. उन्हात तिरका धरायला सांग, मग दिसेल.